जर्मनी कधी झाला, कसा मोडला, पुन्हा कसा जोडला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची मुलं, इतिहासाचे शिक्षक आणि लेक-जावई जर्मनीत असलेले पालक, या तिघांकडून हे प्रश्न मला वर्षानुवर्षं येत आहेत. सोप्यापासून सुरुवात केली आहे, अडचणीचे प्रश्न पुढे आहेत. प्रत्येक उत्तर वेगळं वाचलं तरी कळेल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जर्मनी हा देश नक्की कोणत्या साली जन्मला?

परीक्षेत विचारलं तर १८ जानेवारी १८७१ लिहा. त्या दिवशी व्हर्सायच्या राजवाड्यातल्या आरसेमहालात प्रशिया या जर्मन राज्याचा राजा पहिला विल्हेल्म याला जर्मन सम्राट म्हणून घोषित केलं. कायद्याच्या हिशेबाने १ जानेवारी १८७१ ही तारीख जास्त बरोबर, कारण नव्या साम्राज्याची घटना तेव्हापासून लागू झाली. पण आजचं प्रजासत्ताक उभं आहे ते २३ मे १९४९ च्या घटनेवर, आणि आजचा नकाशा आहे ३ ऑक्टोबर १९९० चा.

जर्मन बोलणारे लोक एकीकडे आणि जर्मन नावाचं राज्य दुसरीकडे, यांच्या कडा कधीच तंतोतंत जुळल्या नाहीत. मला येणारे बहुतेक प्रश्न त्या न जुळलेल्या कडांमधूनच निघतात.

२. १८७१ च्या आधी तिथे काय होतं? नुसता गोंधळ?

गोंधळ नव्हे, संस्थानं. ‘पवित्र रोमन साम्राज्य’ नावाच्या सैलसर छत्राखाली राजे, सरदार, बिशप आणि स्वतंत्र शहरं मिळून तीनशेहून अधिक सत्ता होत्या. नेपोलियनच्या दणक्याने ऑगस्ट १८०६ मध्ये ते छत्र मिटलं. १८१५ मध्ये व्हिएन्नात युरोपची फेरमांडणी झाली आणि ३९ राज्यांचा ‘जर्मन संघ’ तयार झाला. त्याला ना स्वतःचं सरकार होतं, ना लोकांनी निवडलेली संसद.

एकत्र येण्याची पहिली रोजच्या व्यवहारातली पायरी होती जकातीची. १ जानेवारी १८३४ पासून प्रशियाच्या पुढाकाराने जकातसंघ सुरू झाला आणि सदस्य राज्यांमधले नाके उठले. ऑस्ट्रिया त्यात नव्हता. ही गोष्ट लक्षात ठेवा, प्रश्न ५ मध्ये लागेल.

३. १८४८ ची क्रांती फसली असं पुस्तकात लिहिलंय. मग जर्मन लोक तिला एवढं का मानतात?

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित प्रश्न हाच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

१८ मार्च १८४८ ला बर्लिनच्या रस्त्यांवर लोकांनी अडथळे रचले आणि सैन्याशी रात्रभर झुंज दिली. दोनशेहून अधिक नागरिक मेले. दुसऱ्या दिवशी लोकांनी ती प्रेतं राजवाड्याच्या चौकात आणली आणि राजा चौथा फ्रीडरिश विल्हेल्म याला बाहेर येऊन त्यांच्यापुढे टोपी उतरवावी लागली. आपल्याच राजवाड्यात, आपल्याच प्रजेच्या मृतांसमोर बोडका उभा राहिलेला प्रशियाचा राजा, हे दृश्य त्या पिढीने जन्मभर जपलं.

दोन महिन्यांनी, १८ मे रोजी, फ्रँकफर्टच्या पाउल्सकिर्शं या चर्चमध्ये पहिली अखिल जर्मन संसद भरली. तिने मूलभूत हक्कांची यादी केली. कायद्यापुढे समानता, वृत्तपत्रस्वातंत्र्य, सभेचा हक्क, धर्माचं स्वातंत्र्य, सगळं त्यात होतं. मार्च १८४९ मध्ये घटना पूर्ण झाली आणि सम्राटपदाचा मुकुट त्याच प्रशियाच्या राजाला देऊ केला. लोकांच्या प्रतिनिधींनी दिलेला मुकुट त्याला नको होता. त्याने नाकारला, आणि काही महिन्यांत सैन्याने उरलेले उठाव चिरडले.

राज्य उभं राहिलं नाही, पण मसुदा शिल्लक राहिला. ती हक्कांची यादी १९१९ च्या आणि १९४९ च्या घटनाकारांनी पुढे ठेवून वापरली. आजचा काळा-लाल-सोनेरी झेंडाही त्याच चळवळीचा. १८३२ मध्ये हांबाखच्या किल्ल्यावर हजारो लोक तोच घेऊन चढले होते.

४. बिस्मार्कने तीन युद्धांत जर्मनी कसा जोडला?

सप्टेंबर १८६२ मध्ये प्रशियाचा पंतप्रधान होताच त्याने सांगितलं की काळाचे मोठे प्रश्न भाषणांनी आणि बहुमताच्या ठरावांनी नव्हे, तर लोखंड आणि रक्ताने सुटतात. १८६४ मध्ये ऑस्ट्रियाला सोबत घेऊन डेन्मार्कशी युद्ध केलं. १८६६ मध्ये त्याच ऑस्ट्रियाला क्योनिगग्रेट्सला हरवून जर्मन राजकारणातून बाहेर काढलं. १८७० मध्ये एम्सहून आलेल्या एका तारेचा मजकूर छाटून असा छापला की फ्रान्सला तो अपमान वाटावा. फ्रान्सने युद्ध पुकारलं आणि दक्षिणेकडची जर्मन राज्यं आपसूक प्रशियाच्या बाजूला आली.

१८७१ च्या या नव्या साम्राज्यात संसद होती आणि २५ वर्षांवरच्या पुरुषांना मताचा हक्कही होता. चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, मात्र संसदेला नव्हे, सम्राटाला उत्तर देणारा. कॅथलिक आणि समाजवादी या दोन मोठ्या समूहांना बिस्मार्कने ‘साम्राज्याचे शत्रू’ ठरवलं. समाजवाद्यांवरचे निर्बंध १८७८ ते १८९० टिकले. राष्ट्र जोडणाऱ्यानेच राष्ट्रातले लोक आत आणि बाहेर असे वाटले, हे मला त्याच्या तिन्ही युद्धांपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

५. ऑस्ट्रियातही जर्मनच बोलतात. मग तो वेगळा देश का?

१८४८ पासून दोन मतं होती. ‘मोठा जर्मनी’ म्हणजे ऑस्ट्रियासह, ‘छोटा जर्मनी’ म्हणजे त्याच्याशिवाय. ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे हंगेरियन, चेक, पोलिश, क्रोएशियन असे अनेक लोक होते. त्यांना सोडून तो जर्मन राज्यात कसा येणार? जकातसंघाने अर्थकारण आधीच वेगळं झालं होतं, १८६६ ने राजकारणही वेगळं केलं.

पेच इथे संपला नाही. नोव्हेंबर १९१८ मध्ये ऑस्ट्रियाचं हाब्सबुर्ग साम्राज्य फुटल्यावर व्हिएन्नाच्या प्रतिनिधींनी स्वतःच ‘आम्ही जर्मन प्रजासत्ताकाचा भाग’ असं जाहीर केलं. विजेत्या राष्ट्रांनी तहाने ते रोखलं. मार्च १९३८ मध्ये हिटलरने सैन्य घुसवून ते केलं. त्या अनुभवानंतर, आणि १९५५ च्या करारानंतर, ऑस्ट्रियाने स्वतःची वेगळी ओळख पक्की केली.

६. ‘तिसरं राइश’ म्हणतात, मग पहिलं आणि दुसरं कुठलं?

पहिलं १८०६ मध्ये संपलेलं पवित्र रोमन साम्राज्य, दुसरं १८७१ ते १९१८ चं. पण ही मोजणी नाझींच्या प्रचाराला सोयीची होती, कारण मधलं वायमार प्रजासत्ताक (प्रश्न ७) त्यात गाळलं जातं. प्रत्यक्षात वायमार काळातही देशाचं अधिकृत नाव ‘डॉइचेस राइश’ असंच होतं. राइश म्हणजे दर वेळी साम्राज्य असं नव्हे.

७. ‘वायमार’ प्रजासत्ताक का? राजधानी तर बर्लिन होती ना?

बर्लिन तेव्हा पेटलेलं होतं. नोव्हेंबर १९१८ च्या सुरुवातीला कील बंदरातल्या खलाशांनी बंड केलं आणि ते शहराशहरांत पसरलं. ९ नोव्हेंबरला प्रजासत्ताक जाहीर झालं (प्रश्न १३ पाहा). जानेवारी १९१९ मध्ये बर्लिनमध्ये उठाव झाला, आणि १५ तारखेला रोझा लक्झेंबर्ग व कार्ल लीबक्नेश्ट या कम्युनिस्ट पुढाऱ्यांची निमलष्करी सैनिकांनी हत्या केली. चारच दिवसांनी निवडणूक झाली, तीत जर्मन स्त्रियांनी राष्ट्रीय निवडणुकीत पहिल्यांदा मत दिलं. निवडलेली सभा मग वायमार या शांत गावी भरली.

पहिल्या महायुद्धाचा तह मात्र व्हर्सायलाच झाला, २८ जून १९१९ रोजी, त्याच आरसेमहालात. ४८ वर्षांपूर्वी साम्राज्य जिथे जाहीर झालं होतं, ती जागा फ्रान्सने जाणूनबुजून निवडली होती.

८. १९२३ च्या महागाईमुळे हिटलर आला, हे बरोबर आहे का?

थेट नाही. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. जन्मभराच्या बचतीत पावही येईना. त्याच महिन्यात नवं चलन आलं आणि भाव थांबले. पुढे १९२८ च्या निवडणुकीत नाझींना फक्त २.६ टक्के मतं पडली. त्यांना उचललं ते १९२९ नंतरच्या मंदीने आणि बेकारीने. महागाईने मध्यमवर्गाचा प्रजासत्ताकावरचा विश्वास मात्र आतून पोखरून ठेवला होता.

९. हिटलरला लोकांनी निवडून दिलं. खरं की खोटं?

अर्धं खरं, आणि उरलेलं अर्धं जास्त महत्त्वाचं.

जुलै १९३२ मध्ये नाझींना ३७ टक्के मतं आणि २३० जागा मिळाल्या. सर्वांत मोठा पक्ष, पण बहुमत नाही. एप्रिल १९३२ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिटलर स्वतः हिंडेनबुर्गकडून हरला होता. नोव्हेंबर १९३२ मध्ये पक्षाची मतं घटून ३३ टक्क्यांवर आणि जागा १९६ वर आल्या. लाट ओसरत होती. अशा वेळी ३० जानेवारी १९३३ ला अध्यक्ष हिंडेनबुर्गने त्याला चॅन्सेलर नेमलं. फॉन पापेन आणि इतर उजव्या पुढाऱ्यांचा समज होता की मंत्रिमंडळात नाझी तिघेच असल्यावर हा माणूस आपल्या मुठीत राहील.

पुढचे आठ आठवडे तारीखवार बघावेत. २७ फेब्रुवारीला संसदेची इमारत जळाली. २८ ला घटनेच्या कलम ४८ खाली वटहुकूम निघाला आणि व्यक्तिस्वातंत्र्य, वृत्तपत्रं, सभा, टपालाची गुप्तता, सगळे हक्क स्थगित झाले. हा वटहुकूम १९४५ पर्यंत उठला नाही. कम्युनिस्टांची धरपकड चालू असताना ५ मार्चला मतदान झालं, तरीही नाझींना ४३.९ टक्केच मिळाले. म्हणजे लोकांनी त्या पक्षाला एकट्याला बहुमत कधीच दिलं नाही.

मग २३ मार्च. जळक्या इमारतीऐवजी क्रोल नाट्यगृहात संसद भरली. दारात आणि सभागृहात गणवेशातली नाझी पथकं उभी. सरकारला संसदेविना कायदे करू देणारा ठराव आला. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात किंवा परागंदा होते. विरोधात उभा राहिला एकच पक्ष, समाजवादी लोकशाही पक्ष. त्यांचा नेता ओटो व्हेल्स म्हणाला, आमचं स्वातंत्र्य आणि प्राण घेता येतील, आमची इज्जत नाही. ४४४ विरुद्ध ९४. विरोधातली सगळी मतं त्याच्या पक्षाची. वायमारची घटना त्या दिवशी रद्द झाली नाही, कधीच झाली नाही. तिच्यातल्याच कलमांनी, दोन तृतीयांश मतांनी, तिचा जीव गेला.

१०. वायमारच्या घटनेचं जे झालं त्याचा आपल्या राज्यघटनेशी खरंच संबंध आहे, की ते फक्त गाइडमध्ये लिहितात?

खरंच आहे, दोन ठिकाणी.

आणीबाणीत मूलभूत हक्क स्थगित करण्याच्या तरतुदीची चर्चा ऑगस्ट १९४९ मध्ये संविधान सभेत झाली, तेव्हा ह. वि. कामत यांनी वायमारचंच उदाहरण देऊन धोक्याची सूचना केली होती. तरतूद तरीही राहिली. १९७५ मध्ये काय झालं ते आपल्याकडच्या अनेक घरांना पुस्तकात वाचावं लागत नाही.

दुसरा धागा कमी लोकांना माहीत आहे. पश्चिम जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत कलम ७९ असं सांगतं की मानवी प्रतिष्ठा, लोकशाही आणि संघराज्य ही तत्त्वं कितीही मोठं बहुमत असलं तरी बदलता येणार नाहीत. २३ मार्च १९३३ (प्रश्न ९) पुन्हा घडू नये यासाठी ते आहे. डीट्रिश कॉनराड या जर्मन विद्वानाने १९६५ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात याच विषयावर व्याख्यान दिलं: घटनादुरुस्तीच्या अधिकाराला अंगभूत मर्यादा असते का? एम. के. नंबियार यांनी तो युक्तिवाद गोलकनाथ खटल्यात मांडला. १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यात, जिथे मुंबईचे नानी पालखीवाला उभे होते, सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध ६ असा ‘मूलभूत चौकटी’चा निर्णय दिला, आणि कॉनराडचा उल्लेख निकालपत्रात आहे.

११. भिंत पडली ती चुकून, असं म्हणतात. खरं काय?

आधी भिंत कशी आली ते. १९४५ नंतर देशाचे चार भाग झाले आणि सोव्हिएत भागात असलेल्या बर्लिनचेही चार. १९४९ मध्ये मे महिन्यात पश्चिमेकडे आणि ७ ऑक्टोबरला पूर्वेकडे वेगळं राज्य झालं. पश्चिम बर्लिन पूर्व जर्मनीच्या पोटात बेटासारखं उरलं. लाखो लोक त्या वाटेने निघून जात राहिले, तेव्हा १३ ऑगस्ट १९६१ ला पूर्वेच्या सरकारने ती वाट बंद केली.

आता ‘चूक’. ९ नोव्हेंबर १९८९ च्या संध्याकाळी पूर्वेच्या सत्ताधारी पक्षाचे प्रवक्ते ग्युंटर शाबोव्स्की यांनी पत्रकार परिषदेत प्रवासाच्या नव्या नियमांचा कागद वाचला. तो दुसऱ्या दिवसापासूनचा होता, त्यांना ते ठाऊक नव्हतं. ‘कधीपासून?’ या प्रश्नावर कागद चाळत ते म्हणाले, ‘माझ्या माहितीप्रमाणे… ताबडतोब, विनाविलंब.’ लोक नाक्यांवर गेले. बोर्नहोल्मर रस्त्याच्या नाक्यावर गर्दी आवरेना, वरून स्पष्ट हुकूम येईना, आणि रात्री साडेअकराच्या सुमाराला तिथल्या अधिकाऱ्याने फाटक उघडलं.

कागद चुकून वाचला गेला, एवढंच चुकून झालं. महिनाभर आधी, ९ ऑक्टोबरला, लाइपझिगमध्ये सुमारे ७०,००० लोक हातात मेणबत्त्या घेऊन चालले होते, तेव्हा शहरात सशस्त्र पोलीस सज्ज होते आणि गोळी चालणार अशीच सगळ्यांची धारणा होती. त्या लोकांचं श्रेय एका चुकीला देणं मला पटत नाही.

१२. १९९० ला ‘एकीकरण’ म्हणायचं की ‘विलीनीकरण’?

कायद्याने विलीनीकरण. पश्चिमेच्या घटनेला मुद्दाम ‘ग्रुंडगेझेट्स’, म्हणजे मूलभूत कायदा, असं नाव दिलं होतं, कारण देश पुरा होईपर्यंतची ती व्यवस्था होती. पुढे जाण्याच्या दोन वाटा तिच्यातच होत्या. कलम २३ प्रमाणे नव्या प्रदेशाने येऊन मिळायचं, सारलंड १९५७ मध्ये तसंच आलं होतं. किंवा कलम १४६ प्रमाणे सगळ्या जर्मन लोकांनी मिळून नवी घटना करायची.

१८ मार्च १९९० ला, म्हणजे १८४८ च्या बर्लिनमधल्या त्या रात्रीच्या (प्रश्न ३) १४२ व्या स्मृतिदिनी, पूर्वेत पहिली मुक्त निवडणूक झाली. लवकर एक व्हावं म्हणणारे जिंकले. ऑगस्टमध्ये पूर्वेच्या संसदेने २९४ विरुद्ध ६२ मतांनी कलम २३ ची वाट घेतली. सप्टेंबरमध्ये मॉस्कोत दोन जर्मनी आणि चार विजेत्या राष्ट्रांचा करार झाला, आणि ३ ऑक्टोबरला पाच नवी राज्यं सामील झाली.

पूर्वेकडच्या अनेकांच्या मनात अजून सल आहे की घटनेवर आम्हाला कुणी मत विचारलंच नाही. त्यानंतर कारखाने धडाधड बंद पडले, त्याने तो सल खोल गेला. कलम १४६ आजही घटनेत आहे.

१३. मग राष्ट्रीय दिवस ९ नोव्हेंबर का नाही?

कारण ती तारीख फार काही वाहते. १८४८: फ्रँकफर्ट संसदेचा सदस्य रोबर्ट ब्लुम याला व्हिएन्नात गोळ्या घातल्या. १९१८: समाजवादी लोकशाही पक्षाच्या शायडेमानने राइशस्टाग या संसदभवनाच्या खिडकीतून प्रजासत्ताक जाहीर केलं, आणि थोड्याच वेळात लीबक्नेश्टने राजवाड्याजवळून समाजवादी प्रजासत्ताक. १९२३: म्युनिकमध्ये हिटलरचा फसलेला उठाव. १९३८: देशभर सिनेगॉग जाळली, ज्यूंची दुकानं फोडली, हजारोंना पकडून छळछावण्यांत नेलं. १९८९: भिंत. ज्या दिवशी शोक करायचा त्याच दिवशी आतषबाजी कशी करणार? म्हणून ३ ऑक्टोबर.

१४. जर्मन राष्ट्रगीतावर बंदी आहे का?

नाही. ते १८४१ चं आहे. ‘सगळ्यांच्या वर जर्मनी’ याचा त्या वेळचा अर्थ असा, की छोट्या-छोट्या राजांच्या निष्ठेपेक्षा एकी मोठी. नाझींनी पहिलं कडवं आक्रमणासाठी वापरलं. आज अधिकृत राष्ट्रगीत फक्त तिसरं कडवं आहे: एकी, न्याय आणि स्वातंत्र्य. पहिलं म्हणणं गुन्हा नाही, पण जाहीर कार्यक्रमात म्हणू नका, लोक दुखावतात. त्यात सीमा म्हणून सांगितलेली चारही पाण्याची नावं आज जर्मनीबाहेर आहेत.

१५. आमची नात म्युनिकला जन्मली. ती जर्मन की भारतीय?

१९१३ च्या कायद्याने जर्मन म्हणजे जर्मन आईबापांचं मूल. त्याचा परिणाम असा, की कझाकस्तानात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं जर्मन वंशाचं कुटुंब आल्याबरोबर नागरिक, आणि १९६१ च्या करारानंतर आलेल्या तुर्की कामगारांची तिथेच जन्मलेली मुलं परकी. २००० पासून जन्मस्थानालाही मान मिळाला. जून २०२४ पासून आई किंवा वडील पाच वर्षं कायदेशीर राहत असतील आणि कायम वास्तव्याचा हक्क असेल, तर तिथे जन्मलेलं मूल जर्मन. दुहेरी नागरिकत्वही जर्मनीला आता चालतं.

भारताला चालत नाही. परदेशी जन्मलेल्या मुलाची नोंद दूतावासात करताना त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांना लिहून द्यावं लागतं. म्हणून नातीचा जर्मन पासपोर्ट काढण्याआधी घरात बसून नीट ठरवा.

१६. हा सगळा काळ आपल्याकडच्या कुणी जवळून पाहिला का?

मुंबईच्या मादाम कामांनी १९०७ मध्ये श्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत भारताचा झेंडा फडकवला. बाबासाहेबांनी १९२१ मध्ये बॉन विद्यापीठात नाव नोंदवलं होतं. आणि इरावती कर्वे. १९२० च्या दशकाच्या अखेरीला बर्लिनच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशरच्या हाताखाली त्या कवट्या मोजत होत्या. गोऱ्यांची कवटी वेगळी असते हे सिद्ध व्हावं ही गुरूची अपेक्षा. मोजमापात वंशाचा काही संबंध दिसेना, तेव्हा त्यांनी तसंच लिहून दिलं. १९३३ मध्ये फिशर नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला.

१७. आज एखाद्या पक्षावर बंदी घालता येते का?

येते, पण सरकारला नाही, फक्त कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाला. १९५२ मध्ये एका नवनाझी पक्षावर आणि १९५६ मध्ये कम्युनिस्ट पक्षावर घातली गेली. २०१७ मध्ये एका अतिउजव्या पक्षाबाबत न्यायालय म्हणालं, हेतू घटनाविरोधी आहेत, पण ते साधण्याइतकी ताकद नाही, म्हणून बंदी नाही. २०२५ च्या निवडणुकीत अतिउजवा एएफडी पक्ष २०.८ टक्के मतांसह दुसरा आल्यावर हा वाद तिथे पुन्हा जोरात आहे.

१८. राइशस्टागवर ‘डेम डॉइचन फोल्के’ लिहिलंय, त्याचा अर्थ काय? आत दुसरी पाटी आहे म्हणतात, ती कुठली?

‘जर्मन लोकांना’ अर्पण. अक्षरं १९१६ मध्ये बसवली, नेपोलियनशी झालेल्या युद्धांत मिळालेल्या दोन फ्रेंच तोफा वितळवून. ती ओतली लोवी या ज्यू कुटुंबाच्या ओतशाळेत. त्या कुटुंबातल्या काहींना पुढे नाझींनी मारलं.

‘फोल्क’ या शब्दात लोक, जनता, राष्ट्र आणि वंश असे सगळे अर्थ येतात. लाइपझिगला १९८९ मध्ये आधी ‘आम्हीच जनता’ अशी घोषणा होती, पुढे ती ‘आम्ही एकच जनता’ झाली. फरक एका छोट्या शब्दाचा, पण पहिली सरकारला उद्देशून होती, दुसरी सीमेपलीकडच्या भावंडांना.

आतल्या उत्तरेकडच्या चौकात हान्स हाके या कलाकाराची २००० सालची रचना आहे. त्याच टाइपात, पण शब्द ‘डेर बेफ्योल्करुंग’, म्हणजे इथे राहणाऱ्या सर्वांना. नागरिक असोत वा नसोत. ती बसवायची की नाही यावर ५ एप्रिल २००० ला संसदेत मतदान झालं. २६० विरुद्ध २५८. अक्षरांभोवतीच्या वाफ्यात खासदारांनी आपापल्या मतदारसंघातली माती आणून टाकली आहे. त्या मातीतून जे उगवेल ते तसंच वाढू देतात, कुणी खुडत नाही.